परतल्यावर सांगा

४ मार्च
सासूबाई गेल्या. सकाळी मक्याची लापशी भरवत होते. "त्या गाढवाचं पत्र आलं का गं, रेने?" एवढं विचारलं, आणि मान कलली. गाढव म्हणजे कोल्बी, माझा नवरा. तो पाणबुडीत, समुद्राखाली — कुठे, ते देवालाच ठाऊक!

५ मार्च
किंग्ज बेच्या नौदल तळावरून बोट, म्हणजे त्यांची पाणबुडी, सुटण्याआधी प्रत्येकाकडून अर्ज भरून घेतात. घरचं कुणी गेलं तर लगेच सांगायचं, की परतल्यावर? कोल्बीने 'परतल्यावर'वर खूण केली. मी केवढी भांडले होते! तर म्हणाला, "अगं, कळलं तर क्षेपणास्त्रांच्या कळांसमोरून उठवतील मला. घरी तर कुणी आणून सोडणार नाही. मग रडू कुठे?"

८ मार्च
दफन झालं. त्याच्या वाटची मूठभर माती मीच टाकली.

घरी आले तर बोटीवरून त्याची मेल. "आई गप्प का? रुसली?" सासूबाईंची बोटं आखडलेली. त्या सांगायच्या, मी टाइप करायचे. आज त्यांच्या नावाने मीच लिहिलं — "बाळा, मी बरी आहे. वेळेवर जेव. जप स्वतःला." पाठवून दिलं.

१५ मार्च
आणखी एक पाठवली. खोट्याची सवय होते म्हणतात. होत नाही.

१९ मार्च
टीव्हीवर सकाळपासून तेच — समुद्रातून क्षेपणास्त्रं डागली. कुठल्या बोटीने, ते सांगत नाहीत. शेजारची लुएला अक्रोडाचा केक घेऊन आली. "आपल्या पोरांनी दाखवलं गं!" मला हुंदकाच फुटला. तिकडे ज्यांच्यावर पडली, त्यांच्याकडून कुणी अर्ज भरून घेतला होता? केक तसाच पडलाय.

२७ मार्च
त्याची मेल. "आई, तू म्हणतेस म्हणून दोन्ही वेळा जेवतो. रेनेलाही जेवायला बसव. ती उपाशी राहते." वाचून ताट वाढून घेतलं. चार घास गेले.

११ मे
उद्या बोट येतेय. पाद्री धक्क्यावर माझ्याबरोबर थांबणार आहेत. पण सांगायचं मलाच. कोणत्या तोंडाने?

१२ मे
"कोल्बी, आई —"

"ठाऊक आहे. पहिल्याच मेलपासून. जन्मात कधी मला बाळा म्हणाली होती का ती?"

"मग उत्तरं का देत राहिलास?"

"तू घरात एकटी होतीस ना."

"आणि एकोणीस मार्चला?"

"कळ मीच दाबली. आई गेल्याचं कुणाला बोललोच नव्हतो, मग उठवणार कोण?"

"रडलास कुठे रे?"

"अजून कुठे रडलोय!"