तळ्याकाठच्या घराची पायरी

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही सगळे मजेत असाल.

सुट्टीहून एका दिवसात का परतलात, असं वहिनीने फोनवर विचारलं होतं. घरमालकाने दगा दिला, एवढंच मी सांगितलं. आईच्या पंचाहत्तरीसाठी तळ्याकाठचं ते घर दोन महिने आधी बुक केलं होतं. "निर्धास्त या ताई, घर तुमचंच समजा," म्हणाला होता. पोचलो तर दाराला कुलूप. "दहा मिनिटांत किल्ली घेऊन येतो," म्हणाला आणि आम्ही तीन तास पायरीवर बसलो. वारा असा की आईच्या अंगावर शाल ठरेना. शेवटी त्याचा फोन, "चुकून दुसऱ्यांनाही घर दिलं गेलंय, ते येताहेत. तुम्ही कुठेतरी सोय बघा." मी त्याला नाही नाही ते बोलले.

इथवर वहिनीला सांगितलंय. पुढचं नाही.

तुझं घर तिथून वीस मिनिटांवर. मी ती जागा निवडलीच त्यासाठी होती. वाटलं, एखाद्या संध्याकाळी तू डोकावशील. आईच म्हणाली, "थोरल्याला फोन लाव. एक दिवस राहू." मी लावला. तू म्हणालास, "अगं, आज नको. हिच्या ऑफिसातली माणसं जेवायला येताहेत, त्यांच्यात आईला कुठे बसवू? आधी कळवायचं ना!"

आईला कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला होता.

तिने शाल खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "आवाज बसलाय त्याचा. सर्दी झाली असेल." आणि उठायला माझ्याकडे हात केला.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंना सांगत होती, "थोरला फार मागे लागला होता हो, मीच गेले नाही." मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

घरमालकाने दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. तुझा फोन सतरा दिवसांनी आला, तोही गाडीच्या कागदांसाठी.

सोमवारी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांसाठी दोन ओळी होत्या. दुसरीवर तुझं नाव लिहायला गेले, तर तिने पेनच काढून घेतलं. "एक पुरे," म्हणाली.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी तिचे आशीर्वाद कळवत आले. खरं सांगते, बरेचदा ते मीच मनाने लिहिलेले असायचे. आज लिहीत नाही.

तुझी धाकटी