बाटल्या पांढऱ्या पडल्या त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक, तिकडे तुम्ही दोघंही तशीच असाल असं धरून चालतो. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं घोरणं कमी झालं का? (नसेल झालं तर मी विचारल्याचं त्यांना सांगू नकोस.) पत्रास कारण की, माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, छान झाली, आणि त्यामुळे माझं पार वाटोळं झालं. हट्ट तुझा होता. तुमच्या दारात मी शेजाऱ्याला भाऊजी समजून मिठी मारली, एवढ्यावरून तू मला डॉक्टरकडे पिटाळलंस. आता सगळं सांगतो, तेव्हा चष्मा लाव आणि बसून वाच.

मी काम काय करतो हे तुला आजवर धड सांगितलं नाही, आणि 'भाऊ औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुतो' असं तू चारचौघांत सांगत आलीस. बाटल्या मी धूत नाही. दारुहळदीच्या मुळात एक पिवळंजर्द, कडूजहर औषधी द्रव्य असतं. ते पोटाच्या औषधात जातं, डोळ्यांच्या थेंबांतही जातं (हसू नकोस). त्यासाठी डोंगरावरची झुडपं मुळासकट खणायची आणि नवी वाढायची वर्षानुवर्षं वाट बघायची, त्यापेक्षा आमच्याकडे झाडाचा एक तुकडा घेतात, निर्जंतुक करतात आणि बाटलीत, साखर न् क्षार घातलेल्या जेलीसारख्या थरावर ठेवतात. त्याला ना पान फुटत ना मूळ, नुसता पेशींचा ओबडधोबड गोळा वाढतो, आणि मुळातलं औषध तो गोळा बाटलीत बसल्या बसल्या बनवतो. पण गोळा सगळीकडून सारखा नसतो. कुठे पिवळा, कुठे पांढरा. औषध पिवळ्यात, पांढरा नुसता खातो आणि फुगतो. म्हणून दर काही आठवड्यांनी चिमट्याने सगळ्यात पिवळा भाग उचलून नव्या बाटलीत घालायचा आणि पांढरा फेकून द्यायचा. हे उचलणं माझ्याकडे. शिकलेल्या दोन पोरी आहेत हाताखाली, त्याही उचलतात, पण भीत भीत, दर वेळी मला विचारून. पाहुण्यांना खोली दाखवताना आमच्या मॅडम माझ्याकडे बोट करून सांगायच्या, ही आमची नजर. आणि मी काही ऐकूच आलं नाही असा चेहरा करून उभा राहायचो.

तर गेलं वर्षभर औषध कमी कमी भरत चाललं. अर्क मोजायचं यंत्र आकडा खाली दाखवायचं, आणि मी बाटली उजेडात धरून म्हणायचो, अहो, हा बघा की, हळदीसारखा पिवळा, यंत्र बिघडलंय. यंत्रवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग यंत्रवाला बिघडलाय. दुसरा बोलावला. साखर बदलली, पाणी तपासलं, खोली गार करून बघितली, गरम करून बघितली. हाताखालच्या दोघींतली एक पोरगी हळूच म्हणाली, काका, हा गोळा मला पांढराच वाटतोय हो. तिला मी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. (हे आठवलं की अजून घाम फुटतो.)

मग माझी ऑपरेशनं झाली. रजा संपवून कामावर गेलो, खोलीचं दार उघडलं आणि पायाखालची जमीनच सरकली. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत झाडून सगळ्या बाटल्यांत गोळे पांढरेफटक! मी तिथल्या तिथे आरडाओरडा सुरू केला, की माझ्यामागे कोणीतरी बाटल्या बदलल्या. झाडूवाल्या मावशींना धारेवर धरलं. मग वायरमनला बोलावून ट्यूबलाइट बदलायला लावल्या, तर नव्या उजेडात गोळे आणखीच पांढरे दिसायला लागले. संध्याकाळी घरी आलो आणि हिला विचारलं, पडदे कधी बदललेस? (त्या पिवळट पडद्यांवरून मी हिच्याशी किती भांडलोय ते तुला ठाऊक आहेच.) ही म्हणाली, पांढरे आणले होते, पांढरेच आहेत, तुम्हालाच पिवळे दिसायचे. आणि भाजी चिरायला आत निघून गेली. मी खुर्चीत बसलो तो जेवायलासुद्धा उठलो नाही. ताई, मोतीबिंदू मला सगळं जग पिवळं दाखवत होता गं. सगळंच पिवळं दिसल्यावर मी त्यातले टपोरे उचलत गेलो, आणि टपोरे म्हणजे नेमके पांढरे.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगून टाकलं. राजीनामा खिशात घालूनच गेलो होतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, काका, राखीव बाटल्या आहेत ना? आहेत, पण त्याही मीच निवडलेल्या. म्हणजे आता पहिल्यापासून सुरुवात, आणि त्याला मूळ झाड हवं. कुठलंही झुडूप चालत नाही. शेकडो तपासल्यावर एक तसं पिवळं निघालं होतं. ते आमच्या आवारात होतं, पाण्याची टाकी बांधताना गेलं. महिनाअखेरपर्यंत नवे गोळे धरले नाहीत तर वरची मंडळी आमची खोली बंद करून तिथे खोकी रचणार आहेत. माझं जाऊ दे, मला घरी बसवतील. त्या दोन पोरींनी कुठे जायचं? मला फार वाईट वाटतंय. मला आयुष्यात एकच गोष्ट येत होती.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्या फाटकाजवळचं ते काटेरी झुडूप, ज्याने भाऊजींच्या दोन पँटी फाडल्या, ते तुमचं घर झालं तेव्हा मीच आणून लावलं होतं. ती आमच्या आवारातल्या झाडाचीच फांदी. म्हणजे ते तेच झाड.

आणखी एक ता. क. भाऊजींना तिथे स्कूटर लावायचीय, तर झुडूप काढू का, असं तू मागे विचारलं होतंस. त्यावर मी (पडद्यांचं भांडण चालू होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं) 'उपटून टाक, मला काय विचारतेस' असं कळवलं. लहानपणापासून तू माझं एक अक्षर ऐकलेलं नाहीस. हेही ऐकलं नसशील अशी फार आशा आहे.

शेवटचा ता. क. (पेन्सिलीने, अक्षराला हसू नकोस.) पोस्टाने उशीर झाला असता म्हणून पत्र घेऊन मीच आलोय. तोंडाने सांगायचा धीर होत नाही, म्हणून हे तुझ्या शेजारणीच्या हाती आत पाठवतो आणि फाटकाबाहेर उभा राहतो. स्कूटर दिसतेय. तिच्यामागे काहीतरी हिरवं आहे. झुडूप असेल, नाहीतर स्कूटरवर टाकायचं कापड असेल. मी मघापासून बघतोय, पण माझ्या नजरेवर आता माझाच विश्वास राहिला नाही. तू बाहेर ये आणि बघून सांग.