एक नाव कमी

१२ जून
पुन्हा हिंडणं सुरू! प्राचार्य म्हणाले, यंदा बी.ए. अर्थशास्त्राला वीस पोरं भरली नाहीत तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे माझे तास बंद. कायमवाल्यांना काय, ते दुसरीकडे जातील. मी तासिकेवरचा. सेट पास, इतकी वर्षं देवपुरातल्या याच कॉलेजात, आणि जून आला की दारोदार — मुलींना शिकवा हो!

१५ जून
दोंडाईचाजवळच्या एका खेड्यात गेलो. मोहिनी नावाची मुलगी, बारावीला बरे मार्क. नेहमीची टेप लावली — मुलगी शिकली की दोन घरं सुधारतात वगैरे. तिची आई लताबाई सगळं ऐकून म्हणाली, "सर, बी.ए. करीसन पोर काय व्हई?"
चहा प्यायलो. काही सुचेना! मग तिने सहज विचारलं, तुम्हाला पगार किती. तेही सांगवेना. पुन्हा येतो म्हणून उठलो.

१६ जून
सपनाला हे सांगितलं. बायको हसेल असं वाटलं होतं. ती शिलाई मशीनवर होती. म्हणाली, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्यांना घेता का हो? म्हटलं, घेतो की, कोण आहे? तर म्हणे, मी.
मलाच हसू आलं. "तू बी.ए. करून काय दिवे लावणार?"
ती सुईत दोरा ओवत बसली.

२१ जून
मोहिनीकडे परत गेलो. खोटं बोलवेना. सांगून टाकलं — नर्सिंगचं बघा. माय खूश. मी मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला!
वडिलांनी, आबांनी, पोटाला चिमटा काढून मला शिकवलं. म्हणायचे, धम्मपाल, शिकला की कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही. मग लताबाईपुढे का घातली? शिकून काही मिळालं की होतं तेही गेलं? काहीच कळत नाही. पण पुन्हा जन्मलो तर न शिकता राहीन का? तेही नाही.

३० जून
एकोणीस.

२ जुलै
ऑफिसातले योगराजभाऊ म्हणाले, "वर्ग भरना सर तुमना." शेवटचं कोण आलं विचारलं तर नुसतेच हसले. मोहिनीच असणार. नर्सिंगचं जमलं नसेल. तास वाचले, आनंद व्हायला हवा. पण तिच्या आईला तोंड कसं दाखवू?

७ जुलै
पहिला तास. हजेरीत शेवटचं नाव — शिरसाठ सपना देवचंद. देवचंद म्हणजे माझे सासरे!
"हजर, सर."
पहिल्या बाकावर. फी ब्लाउज शिवून भरलेली. सकाळी मला म्हणाली होती, माहेरी जाऊन येते.
तास संपल्यावर व्हरांड्यात गाठलं. सपना, अगं, काय करणार आहेस बी.ए. करून?
म्हणाली, "लताबाईला तुम्ही सांगू शकला नाहीत. मला सांगायला तुमच्याकडे तीन वर्षं आहेत."