बांगडे ताजेच होते

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी.
प्रोबेशनच्या योगिनी मॅडम म्हणतात, राग आला की तोंड उघडायचं नाही, वहीत लिहायचं. चौथी शिकलेय, लिहिते. शेजारी मासळी विकणाऱ्या तुळसाने माझं गिऱ्हाईक ओढलं म्हणून भर बाजारात तिच्या डोक्यात तराजू घातला होता. मार्चात कोर्टाने जेल दिली नाही, वर्षभर नीट वागायचा बॉण्ड लिहून घेतला. चार महिने उरलेत. मी नीटच वागते. लोक वागत नाहीत.
आज सकाळी भाट्याच्या पुलापाशी एक म्हातारा सायकल घेऊन माझ्या स्कूटीला आडवा. पडला. मागचा क्रेट कलंडला, दहाबारा बांगडे रस्त्यावर गेले. आरशात बघितलं, उठून बसला होता. बसलेल्या माणसाला काय झालेलं असतं? बर्फ वितळत होता. गेले.

५ नोव्हेंबर
हवालदार दारात. म्हाताऱ्याचं नाव भिकाजी. पाय मोडलाय म्हणे. केस हिट अँड रन. शी! हिट त्यानेच केलं, आणि रन कसलं, मी स्कूटीवर होते. कुणीतरी गुलाबी स्कूटी बघितली म्हणे. रत्नागिरीत एकच गुलाबी स्कूटी आहे काय? हवालदाराला चहासुद्धा दिला नाही. आमचे हे म्हणाले, अगो, कबूल कर नि मोकळी हो. घरात बसून टीव्ही बघणाऱ्याने कायदा शिकवू नये.

६ नोव्हेंबर
विनोद वकील. तोंडात सुपारी, टेबलावर धूळ. म्हणतो, मावशी, घाबरून निघून गेले म्हणा, म्हाताऱ्याची माफी मागा, कोर्ट ऐकेल. खोटं कशाला बोलू? घाबरले कुठे होते? त्यापेक्षा सरळ सांगायचं, त्या दिवशी मला ताप होता, मी घरीच होते. वकिलाने कपाळावर हात मारला. डोकं दुखत असेल.

९ नोव्हेंबर, रविवार
नणंद चिमा साक्ष देणार. तिला पढवायला बसले. विचारते, वहिनी, ताप किती? म्हटलं एकशे चार. तर म्हणते, एकशे चार असता तर मी तुला दवाखान्यात नाही का गो नेलं असतं? बरं, शंभर. मग म्हणते, पण सोमवारी तूच मला सहा बांगडे आणून दिलेस की. म्हटलं, ते विसर. म्हणे विसरते, पण त्या बांगड्यांचं तिखलं झक्क झालं होतं. या बाईला घेऊन लढायचंय मला. तरी घट्ट आहे केस. एकदम घट्ट.

१२ नोव्हेंबर
योगिनी मॅडमकडे हजेरी. काही सांगायचंय का, विचारलं. म्हटलं, नाही. पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, आत्ता स्वतःहून बोललात तर रिपोर्टात दोन बऱ्या ओळी लिहिता येतील. नंतर माझ्या हातात काही नाही राहणार. दोन ओळींसाठी मी त्या म्हाताऱ्याचे पाय धरू? तेही मोडलेले? म्हटलं, मॅडम, मला ताप होता. त्या म्हणाल्या, असं. नुसतं असं!

१७ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी.
पोलीस स्टेशनात दोन्हीकडच्यांना समोरासमोर बोलावलं होतं. वकील बाहेरच म्हणाला, मावशी, एक अक्षर बोलू नका, मी बोलतो. नाहीच बोलायचं ठरवलेलं. भिकाजी प्लास्टर पुढे करून बसलेला, शेजारी त्याची सून, सातारची. तापाचं सांगून झालं. चिमानेही बरं सांगितलं. हवालदार कागद मिटायलाच लागला होता.
तेवढ्यात ती सून नाक मुरडून म्हणते, कुणी का असेना ती बाई, बांगडे मात्र कुजके होते, पुलाच्या पार त्या टोकापर्यंत घाण मारत होती, मांजरानेसुद्धा तोंड लावलं नाही.
वीस वर्षं धंदा करते मी! उठले नि सांगितलं तिला, अगो ए, सहाच्या लिलावात बंदरावर स्वतः निवडून घेतले होते, कल्ले बघितले असतेस तर लालभडक होते, पुलावर पोचले तेव्हा साडेसातही झाले नव्हते, तुझ्या सासऱ्याने क्रेट पाडला नसता तर गिऱ्हाइकाच्या तव्यावर उड्या मारल्या असत्या त्यांनी!
हवालदाराने कागद परत उघडला. वकील छताकडे बघत होता. चिमा म्हणाली, वहिनी, ताप.
मग भिकाजी खाकरला. म्हणाला, सूनबाई, तुला मासळीतलं काय कळतं? ताजेच होते. रिक्षावाल्याने मला उचलला तेव्हा दोन मी पिशवीत टाकले होते. हवालदार, लिहून घ्या.
लिहून घेतलं. पोलिसांच्या कागदावर! खुद्द फिर्यादीच्या तोंडून! मी वकिलाला म्हटलं, बघा, जिंकलो. तो चप्पल शोधत होता.

१८ नोव्हेंबर
वकिलाचा फोन लागत नाही.
मॅडमचा आला. रिपोर्ट कोर्टात गेला, जुन्या केसचीही शिक्षा आता नव्याने ठरणार, चोवीस तारखेला सकाळी अकराला हजर राहा. आवाज नेहमीसारखाच. म्हटलं, मॅडम, भिकाजीचा जबाब वाचलात ना, त्याने स्वतः सांगितलंय. म्हणाल्या, वाचला.
मग म्हणाल्या, येताना दोन साड्या नि अंगावर घ्यायला काहीतरी जास्तीचं घेऊन या.
कशाला, ते मी विचारलं नाही.