बारावा चाकू

मी, शालिग्राम नारायण इंगोले, वय वर्षे ७८, मराठीचा सेवानिवृत्त शिक्षक, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. डोके शाबूत आहे. कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कुणी उरलेलेही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या कमाईतून बांधलेले दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी वैजयंती हिला मिळावी. अंगणातला कडुनिंब तिने तोडू नये. त्याच्याखाली मी तीस वर्षे पोरांकडून कविता म्हणवून घेतल्या. त्या झाडालाही चार-दोन पाठ असतील.

२. कवितेची जुनी पाठ्यपुस्तके, जो मोठ्याने वाचेल त्याला द्यावीत. मनातल्या मनात वाचणाऱ्यास देऊ नयेत.

३. धाकट्या भावास माझा पितळी अडकित्ता. त्याने माझ्या सांबरशिंगी मुठीच्या चाकूने लोणच्याची कैरी चिरून पाते काळे केले, आणि वर म्हणाला, "चाकूच हाये ना दादा, देव थोडी हाये!" आता त्याने अडकित्त्याने काय फोडायचे ते फोडावे.

४. चाकू. जर्मनीतल्या सोलिंगेन गावचे, घडीचे, एकूण बारा. शिलाई मशीनचे तेल लावून, मलमलीत गुंडाळून खडूच्या खोक्यात ठेवले आहेत. कारंजा लाडच्या जुन्या कापूस-दलालांच्या खिशात असे चाकू असत. कापसाची गाठ चिरून नमुना काढायला. दलाल गेले आणि चाकू भंगारात आले. तिथून मी एकेक वेचला. पाते मिटताना टक् असा आवाज येतो. ओळीच्या शेवटी यमक जुळावे तसा तो मला वाटत आला. यांतील अकरा चाकू वैजयंतीचे. ठेवावेत की विकावेत, तिने ठरवावे.

५. बारावा चाकू. याच्यासाठीच हा सगळा कागद आहे.

देवमन भगत आमच्या शाळेत शिपाई होता. शाळेचे नाव लिहीत नाही. दोष शाळेचा नव्हता, माझा होता. माझ्या वर्गात कविता रंगली की देवमन दाराबाहेर उभा राही आणि तासाची घंटा दोन मिनिटे उशिरा देई. मी खोके घरून शाळेत न्यायचो आणि मधल्या सुट्टीत आम्ही दोघे चाकू पुसत बसायचो. शिंपल्याच्या मुठीचा एक चाकू त्याला फार आवडे. म्हणायचा, "सर, मराच्या आधी हा माह्या नावानं लेहून ठेवजा बरं!" मी म्हणायचो, "आधी तू मेलास तर?" दोघेही हसायचो.

१९८९ साली, वैजयंतीच्या जन्मानंतर पंधरा दिवसांनी, तोच चाकू खोक्यात दिसला नाही. मी शिक्षकांच्या खोलीत, सर्वांसमोर, देवमनला खिसे उलटे करायला लावले. तंबाखूची पुडी निघाली, शाळेच्या किल्ल्या निघाल्या, आणि माझ्या वर्गाबाहेर उभे राहून उतरवलेली एका कवितेची चार कडवी निघाली. चाकू निघाला नाही. तरी मी म्हणालो, "विकला असेल." तो बौद्धवस्तीत राहणारा. त्या वस्तीकडे बोट दाखवले की गावाला पुरावा लागत नसे. हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी बोट दाखवले.

किल्ल्या टेबलावर ठेवून तो गेला, परत आला नाही. पुढे वीटभट्टीवर राबला. एकदा कारंज्याच्या एसटी स्टँडवर भेटला तेव्हा एवढेच बोलला, "सर, कविता लय चांगली शिकवता. पन मले एकडाव इचारलं नाही." १९९८ साली तो भट्टीवरच वारला. शाळेतली घंटा १९८९पासून वेळेवर वाजत होती.

२०२२ साली माझी पत्नी पंचफुला गेली. तेराव्यानंतर वैजयंती आपली लहानपणची गोधडी उसवत बसली होती. उशाकडच्या टोकातून चाकू पडला. पाचवीच्या पूजेला बाळाच्या उशाशी लोखंड हवे, म्हणून बाळंतपणाला आलेल्या माझ्या सासूबाईंनी घरी खोक्यातून उचलला असणार, आणि पोरीला लागू नये म्हणून आत शिवून टाकला असणार. माझ्या चाकूंना हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती, मग सांगणार कोण? पंचफुलेला ठाऊक होते का? विचारायला ती उरली नव्हती.

६. मी चाकू घेऊन देवमनच्या पत्नी लिलाबाई यांच्याकडे गेलो. त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाल्या, "मले कायले दाखवता मास्तर? ज्याईच्या समोर त्याले चोर म्हनलं, त्याईले दाखवा." ते मला दोन वर्षे जमले नाही. मग मी या कागदाचा कच्चा खर्डा केला. बाराही चाकू त्यांच्या नावे लिहिले आणि माझ्या मृत्यूनंतर कलम ५ शाळेच्या फाटकाशी वाचावे असे लिहिले. खर्डा ऐकून त्या म्हणाल्या, "मेलेल्या मानसाले लाज नसते. जित्तेपनी वाचा." आणि साक्ष आपण घालणार म्हणाल्या. वकिलांनी सांगितले, ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष घालू नये, संशय येतो. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग माह्यं नाव वाटपातून काढा. साक्ष मीच घालतो."

त्याप्रमाणे नाव काढले. आज दुपारी मी फाटकाशी उभा राहून कलम ५ मोठ्याने वाचले. निम्मे झाले तोच घंटा वेळेवर वाजली. काही जण निघून गेले. मी शेवटपर्यंत वाचले.

७. बारावा चाकू माझ्या चितेत ठेवावा. मूठ जळेल, पाते जळणार नाही. राख सावडताना ते पुन्हा सापडेल. या वेळी सर्वांसमोर सापडेल.

ठिकाण : शेलूबाजार
दिनांक : १२ डिसेंबर २०२४

(सही) शालिग्राम नारायण इंगोले

त्यांनी आमच्यादेखत सही केली, म्हणून आमची साक्ष :

१. (सही) उदयसिंग राठोड, सेवानिवृत्त शिक्षक, मानोरा. १९८९ साली मी त्या खोलीत हजर होतो. तेव्हा गप्प बसलो.

२. (सही) लिलाबाई देवमन भगत, शेलूबाजार. मास्तरनं वाचलं ते मी आयकलं. माह्या मालकानं चाकू घेतला नवता.