जाऊबाईंची उशी

पुसेगाव, मंगळवार, दिवेलागण

आज पुन्हा तेच. नवं घर मातीच्या भिंतींचं बांधायचं म्हटलं की सगळ्यांची तोंडं वाकडी. रशीदमिस्त्री ओट्यावर बसून म्हणाले, "भाभी, मातीचं काम मला येतं. पन पोराची सोयरीक करायची न्हाई का तुमाला?" थोरल्या जाऊबाई तर तावातावानं, "काहून लोकांत हसं करून राहिली? आमच्यासारखा स्लॅब टाक की!"

माझं लक्ष मात्र त्यांनी काखेत मारलेल्या उशीकडे! समोरच त्यांचं स्लॅबचं घर. उन्हाळाभर रोज दुपारी ती उशी घेऊन आमच्या मातीच्या खोलीत झोपायला येतात. पंखासुद्धा लावत नाहीत. आजही मला एवढं बोलल्या, आत गेल्या आणि घोरायलाच लागल्या.

तेव्हाच ठरलं माझं. जुन्या भिंतींची तीच पांढरी माती पुन्हा मळायची, हातभर जाड भिंत घालायची. पाया तेवढा दगडाचा. आणि सोयरे? त्यांना भर दुपारीच बोलवीन.

उद्या मिस्त्रींना सांगणार, माती भिजवा. मधली खोली जरा ऐसपैस काढा. जाऊबाई उशी घेऊन येणारच आहेत.