रिकामी शेड

बडोदे,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवश्रीताई,

नमस्कार. मी फोन उचलत नाही म्हणून तू आईवर चिडलीस, असं कळलं. तिच्यावर नको चिडू. इकडे बरं आहे. आईचा गुडघा आता कमी दुखतो. बाबा रोज वाडीतून पाणीगेटपर्यंत चालून येतात.

माझा धंदा बंद झाला, हे तिने सांगितलंच असेल.

डुकरांचा ताप आला. आधी प्रतापसिंहकाकांकडे. त्यांनीच मला पहिल्या दोन माद्या दिल्या होत्या, सगळं शिकवलं होतं. त्यांची जनावरं आठवड्यात गेली. मग माझं एक पिल्लू खाईना, त्याचे कान जांभळे पडले. या रोगाला औषध नाही. तपासणीचा निकाल आला तेव्हा सरकारी डॉक्टर म्हणाले, "सगळीच मारावी लागतील. धडधाकट आहेत तीसुद्धा." भला माणूस होता. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

त्या दिवशी बाबा रिक्षा करून शेडवर आले. पहिल्यांदाच. 'मास्तरांची मुलगी डुकरं पाळते' असं पोळातल्या शेजाऱ्यांपैकी कोणी म्हटलं की मान खाली घालणारे आपले बाबा, नाकाला रुमाल लावून कुंपणाबाहेर उभे राहिले.

पुढचं आईला सांगू नकोस.

पांढरे पोशाख घातलेली माणसं दोर घेऊन आत गेली, तशी सगळी डुकरं भेदरून मागच्या भिंतीशी एकमेकांवर चढली. गाभण मादी खाली चिरडली जात होती. एक माणूस घसरून पडला. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "बेन, तमे बोलावो. तमारो अवाज ओळखे छे."

मी बोलावलं. खाणं घालताना बोलावते, तसंच. "या गं, या या या."

आली, ताई. धावत आली. गाभण होती ती सगळ्यांच्या मागून, पोट सावरत. तिने माझा हात हुंगला. हातात काही नव्हतं, तरी तिथेच थांबली. मी फाटक धरून उभी होते.

प्रतापसिंहकाका म्हणतात, पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू करू. मी नको म्हटलं. बाबांनी मकरपुऱ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात शब्द टाकलाय, सोमवारपासून जाईन. आई म्हणते, बाबांना जेवायला हाक मार. माझ्याने मारवत नाही. मी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहते, मग ते उठतात.

त्या दिवशी शेडवरून परतताना रिक्षात ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "सुटलीस गं पोरी." मायेनेच म्हणाले. तेच मला सहन होत नाही. मला कुठे सुटायचं होतं?

काल जेवताना मात्र ते घास हातात धरून थांबले. खाली बघतच विचारलं, "त्यांना नावं होती का गं?"

मी नाही म्हटलं.

होती, ताई. सगळ्यांना होती.

तुझी,
उत्कर्षा